दिवा आधी की प्रवाळ?

समुद्री अ‍ॅक्वेरियमवर कोणता लाइट लावावा, हा प्रश्न आता आमच्या मोहल्ल्यातली मुलेही विचारू लागली आहेत. पूर्वी माशांचा शौक गोल्डफिश आणि गप्पीच्या पुढे फारसा जात नसे. आता मोबाइलवर निळ्या उजेडात झगमगणाऱ्या प्रवाळांचे व्हिडिओ दिसतात आणि पहिली नोकरी लागलेल्या मुलाला वाटते, आपल्याही हॉलमध्ये असे काही असावे. माझा भाचा त्यांतलाच. "मामू, दोनशे वॉटचा घेऊ की तीनशेचा?" त्याने विचारले. "त्याच्याखाली काय ठेवणार आहेस?" असे मी विचारले, तेव्हा "ते नंतर बघू" हे उत्तर मिळाले.

माझी तक्रार या "नंतर बघू"शी आहे. या शौकात आधी दिवा विकला जातो, मग त्या दिव्याला शोभेल असे प्रवाळ शोधले जाते. हा क्रम उलटा आहे, आणि आपल्या देशात तो निव्वळ खर्चिक नाही, माणसाला बेकायदा खरेदीकडे नेणारा आहे. प्रवाळ हा दिव्याखाली मांडायचा शोपीस नव्हे. तो प्राणी आहे आणि आपल्याला दिसणारा उजेड हे त्याचे अन्न आहे.

अन्न हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. रीफ बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. त्याला झूझँथेली म्हणतात. हे शैवाल प्रकाशावर साखर तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. उथळ, स्वच्छ, भरपूर उन्हाच्या पाण्यात प्रवाळाच्या ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज यातून भागू शकते. बदल्यात शैवालाला निवारा मिळतो आणि प्राण्याच्या टाकाऊ पदार्थांतून नत्र मिळते. टाकीवर दिवा लावणे म्हणजे या दोघांच्या भागीदारीत तिसऱ्याने हात घालणे. हात घालणाऱ्याला व्यवहार कळलेला असावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सगळ्याच प्रवाळांचा हा व्यवहार नसतो, हेही दुकानात कोणी सांगत नाही. अंगठीत जडवले जाणारे अस्सल तांबडे पोवळे भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत आणि गुहांत वाढते. त्याच्या अंगात शैवाल नाही, त्याला उन्हाची गरज नाही. सूरह रहमानमध्ये येणारा 'मर्जान' हा शब्द आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतो. काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ बारीक मोती असा केला आहे, काहींनी पोवळे. पण पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे येते ते अंधारातले प्रवाळ, आणि टाकीत जे ठेवायचे ते उजेडातले. 'सन कोरल' नावाने ओळखले जाणारे केशरी-पिवळे ट्युबॅस्ट्रिया तर नावात सूर्य असूनही उजेडावर जगत नाही. त्याला पॉलिप-पॉलिपला खाऊ घालावे लागते. म्हणजे "प्रवाळासाठी लाइट" अशी काही एक वस्तू असूच शकत नाही. अमुक प्रवाळासाठी अमुक लाइट, असेच बोलावे लागते.

आता दुकानातल्या आकड्यांकडे येऊ. डब्यावर वॉट लिहिलेले असतात. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते, तो किती उजेड देतो ते नव्हे. शिवाय स्वस्त दिव्यांत लिहिलेले वॉट आणि प्लगमधून प्रत्यक्ष ओढली जाणारी वीज यांत तफावत असू शकते. प्लगमध्ये लावायचा साधा वीजमीटर ती लगेच दाखवतो. दुसरा आकडा लुमेनचा. लुमेन माणसाच्या डोळ्यावरून ठरवलेले माप आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला, सुमारे 555 नॅनोमीटरला, सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, म्हणून लुमेन त्या रंगाला झुकते माप देतात. शैवालाला लागतो तो मुख्यतः 400 ते 500 नॅनोमीटरमधला जांभळा-निळा. कारण समुद्राचे पाणी लाल रंग वरच्या काही मीटरांतच शोषून घेते, निळा खोल जातो, आणि लाखो वर्षे या निळ्यावरच त्यांचे रंगद्रव्य घडले आहे. उत्तम निळ्या दिव्याचे लुमेन त्यामुळे कमीच भरतात. तिसरा आकडा केल्विनचा. साडेसहा हजार म्हणजे दुपारच्यासारखा पांढरा, वीस हजार म्हणजे गडद निळसर. तो रंगाची छटा सांगतो, प्रमाण सांगत नाही.

कामाचे माप एकच: 400 ते 700 नॅनोमीटरमधले प्रकाशकण दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतात. त्याला पीएआर म्हणतात, एकक मायक्रोमोल. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. टाकीत एवढा लागत नाही. मशरूम, झोअँथिड, चामड्यासारखे सार्कोफायटन अशा मऊ प्रवाळांना साधारण 50 ते 150 पुरतो. मोठ्या पॉलिपांच्या दगडी प्रवाळांना, ज्यांना दुकानात एलपीएस म्हणतात, 100 ते 200. अ‍ॅक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपांच्या फांद्यांना, म्हणजे एसपीएसना, 200 ते 400. हे शौकीनांच्या अनुभवातून आलेले ढोबळ आकडे आहेत, पण दिवा निवडताना एवढा नकाशा पुरेसा आहे.

आणि एका मर्यादेपुढे जास्त उजेड म्हणजे जास्त अन्न असे होत नाही. शैवालाची साखर बनवण्याची क्षमता भरली की उरलेला प्रकाश ओझे होतो. पेशींत घातक ऑक्सिजन तयार होतो, प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच बिघडते आणि शेवटी प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो. यालाच विरंजन, ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात ते मुख्यतः पाणी तापल्याने होते, आणि प्रखर ऊन त्यात भर घालते. टाकीत मात्र नुसत्या दिव्यानेही ते घडते. मंद उजेडात वाढलेला तुकडा आणून पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीच्या एलईडीखाली ठेवा, काही दिवसांत तो पांढरा पडू लागेल. लोक याला "माल खराब निघाला" म्हणतात.

इथे निळ्या रंगाबद्दल बोलले पाहिजे, कारण माझ्या मते या बाजारातली सगळ्यात मोठी दिशाभूल त्यात आहे. अनेक प्रवाळांच्या अंगात प्रतिदीप्त प्रथिने असतात. ती निळा प्रकाश शोषून हिरवा, केशरी, लाल असा परत फेकतात. हे प्रथिन-कुळ विज्ञानाला आधी जेलीफिशमध्ये सापडले आणि त्या हिरव्या प्रथिनावरच्या कामाला 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातले प्रसिद्ध लाल प्रथिन मॉस्कोच्या संशोधकांनी 1999 साली प्रसिद्ध केले ते डिस्कोसोमा नावाच्या प्रवाळातले, म्हणजे दुकानात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या मशरूमच्याच घराण्यातले! तेव्हा चमक खोटी नाही. पण नुसता निळा दिवा लावला की डोळ्याला फक्त चमक दिसते, बाकी काही दिसत नाही. तोच तुकडा घरी पांढऱ्या उजेडात आणला की तपकिरी निघतो, आणि गिऱ्हाईक म्हणते, रंग उडाला. रंग उडालेला नसतो. तपकिरी रंग शैवालाचा असतो आणि तोच तब्येतीचा रंग आहे.

याहून वाईट गोष्ट उलट बाजूची आहे. शैवाल गमावलेले प्रवाळ कधी कधी आधीपेक्षा जास्त झगमगते. 2020 साली साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी या रंगीत विरंजनाचे कारण मांडले. शैवाल निघून गेले की पांढऱ्या सांगाड्यावरून परतणारा प्रकाश पेशींत खेळू लागतो, त्याला उत्तर म्हणून प्रवाळ ही रंगीत प्रथिने जास्त बनवते, म्हणजे स्वतःवर छत्री धरते. समुद्रात शैवालाला परत बोलावण्याची ती धडपड असते. दुकानाच्या निळ्या दिव्याखाली तीच धडपड "हाय कलर पीस" म्हणून जास्त भावाने जाऊ शकते. म्हणून खरेदीला गेलात तर एकच आग्रह धरा: "भाई, दोन मिनिटं पांढरा लाइट लावा." जो लावायला तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नका.

आता कायद्याकडे. 2001 साली केंद्र सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळ, म्हणजे स्क्लेरॅक्टिनियन, घातले. त्यांच्याबरोबर काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सगळे समुद्री पंखे. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची रांग. त्यातल्या प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान दंड पंचवीस हजार रुपये. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली, म्हणजे परवान्याशिवाय होत नाही. मेलेला सांगाडा, 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा प्रवाळी दगड, हाही या प्राण्याचाच भाग आहे. चिनी मातीचे बनवलेले सच्छिद्र दगड मिळतात, ते घ्यावेत.

हे आणि दिव्याचे आकडे शेजारी ठेवून पाहा. तीनशे-चारशे पीएआर देणारा महागडा दिवा ज्या अ‍ॅक्रोपोरासाठी लागतो, ते अ‍ॅक्रोपोरा आपल्या देशात वाघाच्या रांगेत बसले आहे. मशरूम, झोअँथिड, सार्कोफायटन त्या 2001 च्या यादीत नाहीत, आणि त्यांना लागतो त्याच्या निम्म्याहून कमी उजेड. म्हणजे कायदा पाळणाऱ्या शौकीनाला तो राक्षसी दिवा लागतच नाही. तो विकणारा माणूस एक तर गरजेपेक्षा तिप्पट वस्तू गळ्यात मारतो, नाहीतर पुढच्या महिन्यात "एसपीएसचा एक छोटा फ्रॅग आहे, फक्त तुमच्यासाठी" म्हणण्याची तयारी करतो. दिवा घेऊन बसलेल्या मुलाला त्या वेळी नाही म्हणणे जड जाते. एवढा पैसा घातला, त्याचे चीज व्हायला नको का, असे त्याला वाटते. मोह असा पायरीपायरीने येतो. मऊ प्रवाळ घेतानाही पक्की पावती आणि आयातीचे कागद मागावेत, आणि शंका असली तर वनविभागाकडे त्या दिवशीची यादी विचारावी. "सगळेच ठेवतात" हे उत्तर अधिकाऱ्यासमोर चालत नाही.

मला यावर एक प्रामाणिक प्रतिवाद ऐकायला मिळतो. शौकीन लोकांमुळेच प्रवाळांचे पालन जगाला समजले, तुकडे करून वाढवलेले प्रवाळ समुद्रावरचा भार कमी करते, मग घरच्या टाकीला नावे का ठेवता? पहिला भाग खरा आहे. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी 1961 साली आपली नैसर्गिक पद्धत लिहिली, ती जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि थेट ऊन एवढ्यावरच उभी होती. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचे रीफ एचक्यू 1987 साली उघडले तेच मुळी उघड्या आकाशाखालची प्रचंड टाकी म्हणून. दिव्याचा प्रश्न त्यांनी सूर्यावर सोपवला. पण तुकडे वाढवण्याचा युक्तिवाद जिथे मूळ तुकडा कायदेशीर आहे, तिथेच उभा राहतो. पाया चोरीचा असेल तर वरची शेती हलाल होत नाही.

बरे, मग घ्यावा कोणता? तीन जाती आहेत. मेटल हॅलाइडचा उजेड सुंदर, पाण्यावर लाटांची झिलमिल पडते ती खरी समुद्रासारखी. पण 250 वॉटचा एक दिवा आठ तास चालला तर रोज दोन युनिट, आणि त्याची सगळी उष्णता पाण्यावर. मुंबई, रत्नागिरीच्या मे महिन्यात पाणी 25 ते 27 अंशांत ठेवायचे म्हटले तर चिलर लावावाच लागतो. दिवा पाणी तापवणार, चिलर ते थंड करणार आणि बिल दोघांचे आपण भरणार. आपल्या हवामानात मला तो इसराफ वाटतो. टी-फाइव्ह नळ्या उजेड एकसारखा पसरवतात, सावल्या पडत नाहीत, मऊ प्रवाळांना त्या मानवतात. त्यांची अडचण एवढीच की नऊ महिने ते वर्षभरात नळ्या बदलाव्या लागतात आणि हव्या त्या नळ्या मिळण्याची खात्री नसते. राहता राहिला एलईडी. त्याची उष्णता वरच्या धातूच्या पट्ट्यांकडे जाते, उजेड कमी-जास्त करता येतो, निळा आणि पांढरा वेगळा चालवता येतो. दोष म्हणजे उजेड ठिपक्यांतून येतो, मध्यभागी आग आणि कडेला काळोख. म्हणून एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्यावेत.

भाच्याची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे 190 लिटर. तिच्यावर तीस-चाळीस वॉटचे दोन बऱ्यापैकी एलईडी, पाण्यापासून वीतभर उंचीवर, मऊ प्रवाळांना पुरतात. ऐंशी वॉट नऊ तास चालले तर महिन्याला साधारण 22 युनिट. दहा रुपये युनिट धरले तर सव्वादोनशे रुपये. घरातल्या अम्मीला हे सांगता येते! पहिल्या दिवशी निम्म्याहून कमी ताकदीवर सुरू करावे आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावे. पीएआर मीटर महाग आहे, पण तो रोज लागत नाही. पाच-सहा शौकीनांनी मिळून एक घ्यावा किंवा दिवसभरासाठी मागून आणावा. मोबाइलचे अ‍ॅप निळ्या उजेडात भरवशाचे नाही. आणि मीटर नसला तरी प्राणी सांगतो. झोअँथिडचे देठ लांब होऊ लागले, मशरूम अंग ताणू लागला, तर उजेड कमी पडतोय. अंग आखडले, रंग फिका पडू लागला, तर जास्त होतोय. बदल केला की दोन आठवडे हात आवरावा. रोज सेटिंग बदलणाऱ्यांच्या टाक्यांत मी फारसे काही टिकलेले पाहिलेले नाही.

कोकणातल्या दमट हवेत खारे पाणी तारांवर चढते, तेव्हा घरात गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी असल्याशिवाय पाण्यावर कुठलाही दिवा टांगू नये. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही.

ज्यांना दगडी प्रवाळच पाहायचे आहे, त्यांच्यासाठी ते आपल्या दाराशी आहे, आणि दिव्याविना. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, तिथे माथाच वीस मीटर खोल. आणि हाजी अली? दर्ग्याला जाताना ज्या काळ्या खडकांकडे आपण नाक मुरडून बघतो, त्या खडकांवर दगडी प्रवाळ आहे हे मुंबईला किनारी रस्त्याच्या कामामुळे कळले. 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून हलवाव्या लागल्या, कारण अनुसूची एक. ते पाणी गढूळ, सांडपाण्याचे, उजेड तळाशी जेमतेम पोहोचणारे. तरी तिथे ते वाढते. तपकिरी, बसके, कोणाच्याही फोनवर 'हाय कलर' न दिसणारे. ओहोटीच्या वेळी मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाच्या किनारफेऱ्या निघतात. भाच्याला मी म्हटले, लाइट घ्यायच्या आधी एकदा तिकडे जाऊन ये. तो गेला. परत आल्यावर तीनशे वॉटचा विषय त्याने काढला नाही. टाकीचा विषय मात्र सोडलेला नाही, आणि सोडावा असे मला वाटतही नाही.

दिव्यातून वाचलेल्या पैशांत त्याने खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, आरओचे पाणी आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतला आहे. पंप सर्वांत आधी घ्यायला मी लावला. लाइट गेली तर मशरूम दोन दिवस अंधारात काढतो. पाण्याची हालचाल थांबली तर काही तासांतच ऑक्सिजन संपू लागतो.